यक्षालाही शिक्षा झाली होती, राजेहो!

थोडं लांब लिहितो आहे. रोवणीचे दिवस आहेत, सगळे चिखलात आहेत, हे माहीत आहे. रात्री जेवणं आटोपली की वाचा, पण अर्ध्यावर सोडू नका.

आषाढ लागला की आपल्या मोबाईलवर मेघदूत सुरू होतं. काळे ढग, डोंगरावर एकटा बसलेला यक्ष, दूर राहिलेली बायको, आणि खाली कोणाचं तरी 'शुभ सकाळ'. प्रेम, विरह, पाऊस. सगळं छान आहे. पण तो यक्ष रामटेकच्या डोंगरावर आला कसा, हे कोणी विचारत नाही. तो काही देवदर्शनाला आला नव्हता. पिकनिकला तर अजिबातच नाही.

तो शिक्षा भोगत होता.

कालिदासाने पहिल्याच श्लोकात सांगून टाकलं आहे की हा यक्ष आपल्या कामात चुकला. मालकाने, म्हणजे कुबेराने, शाप दिला. एक वर्ष घरापासून दूर, आणि अंगातली दैवी शक्ती काढून घेतलेली. आजच्या सरकारी भाषेत सांगायचं तर अधिकार गोठवले आणि मुख्यालय बदललं. चूक नेमकी कोणती हे कालिदास सांगत नाही. पूजेसाठी पहाटे ताजी कमळं आणायची होती, याने आदल्या दिवशीच तोडून ठेवली, ही गोष्ट लोकांनी मागून जोडली. पण कालिदासाला जे महत्त्वाचं वाटलं ते त्याने लिहिलं: काम सोपवलं होतं, ते नीट केलं नाही, म्हणून शिक्षा झाली.

विद्वानांत वाद आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. काही जण छत्तीसगडातल्या सरगुजाच्या रामगढकडे बोट दाखवतात. तो वाद त्यांना घालू द्या. आपल्याकडे रामटेकला कालिदासाचं स्मारक आहे, त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे, आणि भंडाऱ्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. तेव्हा यक्ष आपला शेजारी, असं धरून चालू.

आता हा विषय आत्ताच काऊन काढला, ते सांगतो.

आपल्या गावातली पोरं आजकाल मोबाईलवर एल्फ पाहतात. २०२२ मध्ये टॉल्किनच्या कथांवरची मोठी मालिका आली, तेव्हापासून जास्तच. टोकदार कान, लांब केस, म्हातारपण नाही, मरण नाही. पोरांशी बोललं की एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या मते एल्फ म्हणजे देवाची माणसं, ते चुकू शकत नाहीत, आणि चुकले तरी त्यात देवाचीच काही योजना असणार.

पोरांचं सोडा. ती पोरं आहेत. पण नेमकं हेच तर्कशास्त्र मोठी माणसं आपल्या जिल्ह्यात रोज वापरतात. एल्फच्या जागी साहेब घाला, नेता घाला, ठेकेदार घाला. मोठा माणूस आहे, त्याचं चुकलं कसं म्हणता? आणि झालंच काही वाईट, तर देवाची मर्जी. माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी त्या परदेशी गोष्टीचंच बघू, कारण ज्यांच्या नावावर पोरं हे खपवतात त्या टॉल्किनने असं काही लिहिलेलंच नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये, त्याच्या मुलाने 'सिल्मरिलियन' छापून आणलं. त्यात एल्फ लोकांचा सगळा जुना इतिहास आहे. आणि तो इतिहास म्हणजे चुकांची, अहंकाराची आणि खुनांची वहीच आहे म्हणा ना.

फेआनोर नावाचा एल्फ होता. सगळ्यात हुशार कारागीर. त्याने तीन रत्नं घडवली. मेल्कोर नावाच्या दुष्टाने त्याच्या बापाला मारून ती रत्नं पळवली. फेआनोर पेटला. त्याने आणि त्याच्या सात मुलांनी शपथ घेतली की रत्नं जो ठेवेल, मग तो कोणी का असेना, त्याला सोडायचं नाही. तिथल्या देवांनी निरोप पाठवून बजावलं की या वाटेने जाऊ नका. त्याने ऐकलं नाही. समुद्र ओलांडायला जहाजं हवी होती. ती दुसऱ्या एल्फ जमातीची होती, त्यांनी दिली नाहीत. मग यांनी आपल्याच भाऊबंदांना कापून जहाजं घेतली. पलीकडे पोचल्यावर फेआनोरने ती जहाजं जाळून टाकली. मागे राहिलेले त्याचे स्वतःचे लोक बर्फातून चालत आले आणि त्यातले कितीतरी वाटेतच मेले.

वैनगंगेच्या काठच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. आपल्याला घेऊन डोंग्यात बसायचं, आपल्याच हातून वल्हं मारून घ्यायचं, आणि पलीकडचा काठ लागला की डोंगा जाळायचा. अशी माणसं आपण दर पाच वर्षांनी पाहतो. पक्षाचं नाव घेत नाही, कारण सगळेच पक्ष घ्यावे लागतील.

आता खरी मेख पुढे आहे. या गोष्टीत देवांचंही चुकलं आहे. मेल्कोर आधी त्यांच्याच कैदेत होता. त्याने पश्चात्तापाचं सोंग केलं आणि देवांच्या राजाने त्याला सोडून दिलं. म्हणजे चोर तुरुंगातून सुटला तो वरच्यांच्या भोळेपणामुळे. टॉल्किन हे लपवत नाही. पण म्हणून तो फेआनोरला मोकळा सोडतो का? नाही. वरच्याची चूक एका ओळीत लिहिली, खालच्याची दुसऱ्या ओळीत. एकाने दुसरी पुसली जात नाही.

आणि आणखी एक. फेआनोरचा सावत्र भाऊ फिनार्फिन त्याच गर्दीत चालत होता. देवांचा शाप कानावर पडला तेव्हा तो थांबला, आपल्या लोकांना घेऊन मागे फिरला. त्याला माफी मिळाली. म्हणजे परत फिरायला वाट होती. भाऊ होता, सगळे निघाले होते, ही कारणं त्यालाही होती. तरी तो फिरला. तेव्हा 'माझ्या हातात काय होतं' हे वाक्य फेआनोरच्या तोंडी शोभत नाही.

आता आपल्या घरात या. यक्ष, गंधर्व, अप्सरा हे आपले अर्धे देव. माणसापेक्षा वर, देवापेक्षा खाली. एल्फच्याच फळीवरचे. आपल्या परंपरेने त्यांना सूट दिली का? मेघदूतातल्या यक्षाला दिली नाही हे वर सांगितलंच.

इथे कोणीतरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की सर, तो यक्ष तर शेवटी नोकरच होता. शिक्षा नेहमी शिपायालाच होते. कुबेराचं काय वाकडं झालं?

चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर भागवतात आहे, दहाव्या स्कंधात. कुबेराची दोन पोरं, नलकूबर आणि मणिग्रीव. खजिनदाराची पोरं, पैशाला तोटा नाही. दारू पिऊन, बायका सोबत घेऊन नदीत धिंगाणा घालत होती. नारदमुनी तिथून गेले. बायकांना लाज वाटली, त्यांनी कपडे सावरले. या दोघांना वाटली नाही. नारदाने दोघांना झाडं करून टाकलं. पुढे बाळकृष्णाने उखळ ओढत नेऊन ती झाडं पाडली तेव्हा कुठे सुटका झाली. बाप कुबेर होता, उत्तर दिशेचा मालक होता, तरी एक फोन करून प्रकरण मिटलं नाही. शिक्षा दिली ती खात्याबाहेरच्या माणसाने. नारद कुबेराच्या पगारावर नव्हता, हे लक्षात ठेवा. खात्याची चौकशी खात्यानेच केली की काय होतं, ते आपल्याला कोणी पुराणातून शिकवायला नको.

मग या गोष्टी सांगणाऱ्या समाजात 'देवाची मर्जी' एवढी स्वस्त कशी झाली?

आपल्या जुन्या मराठीत दोन शब्द आहेत: अस्मानी आणि सुलतानी. पाऊस आला नाही, गारपीट झाली, ते अस्मानी. राज्य करणाऱ्याने केलं किंवा करायचं ते केलं नाही, ते सुलतानी. आपल्या पणज्याला लिहिता येत नव्हतं, पण एवढा फरक त्याला कळत होता. आज शिकल्यासवरल्या माणसाला कळेनासा झाला आहे. सुलतानी घडते आणि आपण तिला अस्मानीच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

९ जानेवारी २०२१ ची रात्र. भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. आत १७ बाळं होती. ७ वाचली. १० गेली, काही भाजून, बाकीची धुरात गुदमरून. हा आकडा या जिल्ह्यातल्या माणसाला पाठ असायला पाहिजे.

त्या बाळांपैकी एखाद्याची आई म्हणाली की देवाच्या मनात होतं, तर मी तिच्यापुढे हात जोडतो. तिला जगायला काहीतरी धरावं लागतं. तिच्याशी वाद घालणारा माणूस निर्दयी. पण तेच वाक्य खुर्चीवर बसलेल्या, फाईलवर सही करणाऱ्या माणसाच्या तोंडून कधीही निघालं, तर ते दुःख नाही, ती पळवाट आहे. शब्द तेच, पण आईला ते आधार देतात आणि खुर्चीला लपायला जागा.

त्यानंतर चौकशी बसली, निलंबनं झाली, भरपाई जाहीर झाली, आणि पुढच्या महिन्यात गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, मी ठरवत नाही. मी फक्त दोन ओळींचा हिशेब मागतो. त्या रात्री ड्युटीवर असणाऱ्यांचं काय चुकलं, ही एक ओळ. आगीपासून बचावाची व्यवस्था कागदावर आणि भिंतीवर किती होती, ती पाहणं कोणाचं काम होतं, ही दुसरी ओळ. पहिली लिहिली म्हणून दुसरी खोडायची नाही. तेवढं एल्फांच्या पुस्तकालाही कळतं.

ऑगस्ट २०२० चा पूर घ्या. महिन्याच्या शेवटी वैनगंगा घरात शिरली. पाऊस अस्मानी होता, मान्य. पण मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी नदीत सुटतं, ते आपल्याकडे पोचायला वेळ लागतो, गोसेखुर्दची ३३ दारं कधी आणि किती उघडायची हे माणूस ठरवतो, आणि दोन राज्यांनी एकमेकांना वेळेवर कळवायचं असतं. ढगाला आदेश देता येत नाही, कालिदासाच्या यक्षाने तर त्याला हात जोडून विनंतीच केली. पण दाराचं बटन माणसाच्या हातात असतं. घरातला गाळ काढताना लोक 'वरच्याची करणी' म्हणत होते. कोणत्या वरच्याची, हा माझा प्रश्न आहे.

आणि गोसेखुर्द? २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. त्या दिवशी जन्मलेल्या पोराची पोरं आता शाळेत आहेत. ज्यांची घरं, शेतं गेली त्यांना आजवर काय सांगितलं गेलं? नशीब. धीर धरा. देव बघतो आहे. देव बघत असेल हो, पण बिलं देव काढत नाही.

मध्यंतरी एका कार्यालयात (नाव घेत नाही) मी एका तलावाच्या गाळाची मोजणी विचारायला गेलो होतो. टेबलामागच्या माणसाने फाईल शोधल्यासारखं केलं आणि म्हणाला, "देव जाणे जी, कुठं गेली!" मी म्हटलं, भाऊ, देवाला फाईल सांभाळायचा पगार नाही, तुम्हाला आहे. तो हसला. मीही हसलो. फाईल मात्र मिळाली नाही.

तलावाचा विषय निघालाच आहे तर आपल्या दुसऱ्या यक्षाची गोष्ट सांगतो. मला वाटतं भंडाऱ्याचा खरा यक्ष तो आहे.

महाभारतात वनपर्वात पांडव तहानेने कासावीस झालेले असतात. नकुल तळ्यावर जातो. आवाज येतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. तो ऐकत नाही, पाणी पितो, पडतो. मग सहदेव, मग अर्जुन, मग भीम. चौघेही तसेच. एकाहून एक बलवान, कोणालाही प्रश्न ऐकायला वेळ नाही. शेवटी युधिष्ठिर येतो. तोही तहानलेला आहे, समोर भाऊ मेलेले आहेत, तरी तो थांबतो आणि उत्तरं देतो. यक्ष म्हणतो, एकाला जिवंत करतो, सांग कोणाला. भीम नाही मागत, अर्जुन नाही मागत. नकुल मागतो. कारण कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक राहिला पाहिजे. तेव्हा तो यक्ष प्रसन्न होतो, चौघांनाही उठवतो, आणि आपण स्वतः धर्म आहोत असं सांगतो.

नीट बघा. इथे देवाचं मार्गदर्शन आलं ते प्रश्नाच्या रूपात आलं. आकाशातून आदेश आला नाही, सूट आली नाही. प्रश्न आला. आणि उत्तर न देता पाणी पिणारा, तो देवाचा मुलगा असला तरी, पडला. चौघेही देवपुत्रच होते, हे विसरू नका.

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळापासून पाळी बांधल्या. कुठून पाणी येतं, कुठून जादा पाणी सोडायचं, तुडुम कुठे बसवायचा, कोणाच्या बांधीला आधी पाणी द्यायचं, याचं शास्त्र होतं. ढिवरांची मासेमारी त्यावर, गुरांचं पाणी त्यावर, धान त्यावर. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, आपले 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. मालगुजार काही संत नव्हता, त्याचं गुणगान करायला मी बसलो नाही. पण तलाव फुटला तर कोणाचा दरवाजा वाजवायचा, हे तेव्हा गावाला माहीत होतं. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे, मासे सोसायटीकडे, पोटातलं अतिक्रमण महसूलकडे, आणि बेशरमची झाडं कोणाकडेच नाहीत.

गाळ काढायच्या योजना आल्या. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आहे. योजना चांगली आहे, मी विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या तळ्यावर यक्ष उरलेला नाही. जो येतो तो आधी पाणी पितो. उत्तर नंतर, नाहीतर कधीच नाही. आणि तलाव आटला की आपण पाळीवरच्या देवाला नारळ फोडतो. नारळ जरूर फोडा. श्रद्धेला माझा आक्षेप नाही. पण नारळ फोडून घरी येताना ग्रामपंचायत वाटेतच लागते, तिथे दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

काही मित्र म्हणतील की तुम्ही पुराणाचा वापर राजकारणाला करता. अरे बाप्पा, पुराणाचा वापर गप्प बसवायला रोज होतो, तेव्हा कोणी आक्षेप घेत नाही. मी बोलायला वापरला तर एवढं काय बिघडलं?

काही म्हणतील की आपले यक्ष असताना परदेशी एल्फ कशाला? मला या भांडणात रस नाही. दोन्हीकडच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एकच गोष्ट ओळखली होती. माणूस वरच्या जातीच्या प्राण्यांची कल्पना करतो तेव्हा त्यांनाही चुकवतो आणि त्यांनाही जाब विचारतो. कारण ज्याला जाब विचारता येत नाही असा प्राणी गोष्टीतसुद्धा सहन होत नाही. प्रत्यक्षात आपण तो सहन करतो, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला, १५ ऑगस्टला, जा. रोवणी आटोपलेली असेल. उभे राहा आणि आपल्या गावच्या तलावाबद्दल चार गोष्टी विचारा. गाळ किती निघाला आणि मोजला कोणी? तो कोणाच्या शेतात गेला? तलावाच्या पोटात अतिक्रमण किती, आणि मोजणी शेवटची कधी झाली? तुडुम दुरुस्त केल्याचं बिल असेल तर ते दाखवा, आणि शेवटच्या टोकाच्या बांधीला पाणी पोचतं का ते सांगा. ही शेवटची गोष्ट विसरू नका. ती माद्रीच्या मुलाची गोष्ट आहे. तिथे पाणी पोचलं तर बाकीच्यांना पोचलंच असेल.

उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं तिकीट लागतं, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहून देतो, चहासुद्धा माझ्याकडून.

आणि कोणी म्हणालाच की देवाची मर्जी, तर त्याला शांतपणे रामटेकच्या यक्षाची आठवण करून द्या. त्याची शिक्षासुद्धा कार्तिकी एकादशीला विष्णू उठला की संपणार होती, तारीख ठरलेली होती. आपल्या जिल्ह्यात अजून सुनावणीची तारीखच लागायची आहे.